‘चि.’ लिहिताना

चि.,

सप्रेम सलाम.

‘चि.’ लिहिलं आणि हात जरा थांबला. चिरंजीव! तू कधीच मरणार नाहीस असं काही मला म्हणायचं नाही. भरपूर जग, एवढंच. पण हाच शब्द अश्वत्थाम्याला लावला की तो खरोखर मरत नाही, भळभळती जखम घेऊन फिरत राहतो. शब्द तोच, कुणाला लागला त्यावर त्याची लांबी ठरते. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक ‘आयोनिओस’ला मराठीत ‘सार्वकालिक’ म्हणायचं की ‘युगाचं’, या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं बघ.

‘आयोन’ म्हणजे युग हे तुला कळलं आणि त्याचं विशेषण ‘आयोनिओस’ दिसेल तिथलं ‘सार्वकालिक’ खोडायला तू पेन उचललंस. जरा दमानं घे. होमरकडे आयोन म्हणजे माणसाचं आयुष्य, प्लेटोकडे काळाच्याही पलीकडचं अचल असं काही. नव्या करारातल्या मंडळींच्या कानात मात्र जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, घुमत होतं. तिथे हिब्रू ‘ओलाम’साठी बहुतेकदा आयोन येतो. ओलाम म्हणजे नजर पोचत नाही इतका लांबचा काळ, मागचा किंवा पुढचा.

जुन्या करारातल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढ. माशाच्या पोटातून तो म्हणतो, पृथ्वीचे अडसर माझ्यामागे ओलामपर्यंत लागले. ग्रीकमध्ये तिथे आयोनिओस आहे. आणि तीन दिवसांनी स्वारी किनाऱ्यावर! योना खोटं बोलला का? घाटात एसटी बंद पडली की आपणही म्हणतोच, ‘आता जन्मभर इथेच.’ जुन्या करारातल्याच निर्गम 21:6 मधला दास, दाराशी उभं करून ज्याचा कान आरीने टोचतात, तोही धन्याची चाकरी ओलामपर्यंत करतो. म्हणजे मरेपर्यंत.

आता हुरळून जाऊ नकोस. नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या शेवटच्या, म्हणजे सोळाव्या अध्यायात 25 वं आणि 26 वं वचन ग्रीकमध्ये शेजारीशेजारी ठेवून वाच. पहिल्यात एक रहस्य ‘आयोनिओस’ काळ गुप्त होतं आणि आता उघड झालं. म्हणजे तो काळ संपला. लगेच पुढच्या वचनात ‘आयोनिओस देव’. तो संपला असं पौलाला म्हणायचंय का? एकाच वाक्यात, एकाच लेखकाने, एकच विशेषण. म्हणून मी विशेषण आधी पाहतच नाही, त्याच्यापुढचं नाम पाहतो.

‘मग निखळ अनंतासाठी ग्रीकमध्ये आइदिओस हा शब्द होता की!’ असं तू म्हणशील. होता. नव्या करारात तो दोनदाच येतो: रोम 1:20 मध्ये देवाच्या सामर्थ्याला, आणि यहूदाच्या पत्रात सहाव्या वचनात पतित देवदूतांच्या बेड्यांना. गंमत म्हणजे त्या बेड्याही ‘महान दिवसाच्या न्यायापर्यंत’ आहेत.

खरी कसोटी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 25:46. एकीकडे शिक्षा, दुसरीकडे जीवन, दोन्हींना आयोनिओस. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलने तिथे दोन वेगळे इंग्रजी शब्द घातले, निव्वळ शैलीसाठी असावेत. 1881 च्या त्याच्या सुधारित आवृत्तीने ते एक केले. प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टिनचा तर सगळा युक्तिवादच यावर उभा आहे की जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंतच. मला तो तितका पक्का वाटत नाही; रोम 16 डोळ्यांपुढे असताना कसा वाटेल? पण तो वाद व्यासपीठावरचा, आपला नव्हे. आपल्या मराठी बायबलमध्ये दोन्हीकडे ‘सार्वकालिक’ आहे, ते योग्यच आहे. तू दुसरा शब्द घे हवा तर, पण दोन्हीकडे तोच घे. शिक्षेला ‘युगाची’ आणि जीवनाला ‘अनंत’ लिहिलंस तर ते भाषांतर नाही, तुझं मत झालं.

दुसरा शब्द कुठला, हे मात्र अवघड आहे. ‘सार्वकालिक’ म्हटलं की हल्लीच्या पोरांना सर्वोत्तम फलंदाजांची यादी आठवते. ‘शाश्वत’ शेतीवाल्यांनी नेला. ‘चिरंतन’ कवितेत बरा. ‘युग’ मला आवडतो, ‘युगाच्या समाप्तीपर्यंत’ आणि ‘युगानुयुग’ आपल्या कानांत बसलेलेच आहेत. पण आपली युगं चार, आणि कलीनंतर पुन्हा कृत. मत्तयाकडे दोनच, हे आणि येणारं, फेरा नाही. वाचणाऱ्याच्या मनात फेरा सुरू झाला तर तळटीप देऊन तो थांबत नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातलं 17:3 तुझ्या दोन्ही पर्यायांनी लिही आणि आजीला मोठ्याने वाचून दाखव. तिथे सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला ओळखणं असं म्हटलंय, किती वर्षं ते नाही. आजी मध्येच काय विचारते ते समासात लिहून मसुदा माझ्याकडे पाठव. तिचं बोलणं सुधारू नकोस.

तुझा,
काका