घबाडातल्या नाण्याला जादा दाम द्यावा का?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही नीट पाहिले. १८५७ सालचं, सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, पीसीजीएसच्या (नाणी तपासून त्यांचा ग्रेड, म्हणजे अवस्थेचा दर्जा, ठरवणारी कंपनी) सीलबंद पेटीत, आणि लेबलवर ‘एस. एस. सेंट्रल अमेरिका’ हे बुडालेल्या जहाजाचं नाव. त्याच सालचं, त्याच ग्रेडचं, पण जहाजाचं नाव नसलेलं नाणं तुला बरंच स्वस्त मिळतंय. मग नावाचे जादा पैसे मोजावेत का, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगतो: मोजावेत, पण थोडे, आणि ते नाव नाण्यापासून सुटणार नाही याची खात्री असेल तरच. कारणं जरा सविस्तर लिहितो. उद्या दुसऱ्या एखाद्या घबाडातलं नाणं समोर येईल तेव्हा हाच हिशेब तुला एकट्याने मांडायचा आहे.

आधी किमतीचे थर वेगळे कर. या नाण्याचं वजन ३३.४३६ ग्रॅम, त्यात ९० टक्के सोनं आणि बाकी मिश्रधातू. शुद्ध सोनं ०.९६७५ ट्रॉय औंस भरतं. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की मोडीची किंमत निघाली, हा पहिला थर. दुसरा थर साल, टाकसाळ आणि ग्रेड यांचा. तिसरा नुसत्या नावाचा. समज, सोन्याचे शंभर होतात, नाव नसलेलं तसंच नाणं एकशेवीसला मिळतं आणि व्यापारी दीडशे मागतोय. म्हणजे तुझा सगळा प्रश्न वरच्या तीसांचा आहे. बरेच नवखे संग्राहक दीडशेची तुलना शंभराशी करतात आणि ‘सोनंच आहे, बुडणार थोडंच’ असं म्हणून समाधान मानतात. सोनं बुडत नाही हे खरं, पण ते तीस बुडू शकतात. शिवाय सोन्याचा भाव चढला म्हणून नावाचा दाम त्याच्याबरोबर चढतोच असं नाही. उलट भाव चढला की वरचे दोन्ही थर पातळ होत गेलेले दिसतात, कारण तेवढीच रक्कम घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचा जास्त पैसा धातूतच संपतो.

आता त्या तीसांत तुला काय मिळतं ते बघू. सेंट्रल अमेरिकेच्या बाबतीत खरंच काहीतरी मिळतं, असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियातलं सोनं त्या काळी पॅनामामार्गे पूर्वेकडे जायचं. सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने पॅनामा, तिथून १८५५ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने पलीकडचा किनारा, आणि मग दुसऱ्या बोटीने न्यूयॉर्क. सप्टेंबर १८५७ मध्ये सेंट्रल अमेरिका हवानाहून निघाली, वादळात सापडली आणि १२ तारखेला कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाली. चारशेहून अधिक माणसं गेली. कॅप्टन विल्यम हर्नडन यांनी बायकामुलांना आधी उतरवलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. न्यूयॉर्कच्या बँका आधीच अडचणीत होत्या. येणारं सोनं आलंच नाही आणि त्या वर्षीची आर्थिक घबराट आणखी वाढली. १९८८ मध्ये टॉमी थॉम्पसन यांच्या चमूने सुमारे दोन किलोमीटर खोलीवर ते सोनं शोधून काढलं. मग विमा कंपन्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि वर्षानुवर्षं खटला चालला.

हे सगळं कागदावर आहे. प्रवासाचा मार्ग, बुडाल्याची तारीख, वाचलेल्यांच्या हकिगती, कोर्टाचे निकाल. तुझ्या फोटोतलं नाणं टाकसाळीतून बाहेर पडलं आणि फारसं कुणाच्या हाती न जाता त्या बोटीवर चढलं. गरुडाच्या शेपटीखालचा बारीक ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीची खूण, किती धारदार आहे बघ. स्वातंत्र्यदेवीच्या गालावर दोन बारीक खाचा आहेत, त्या पिशवीत नाण्यावर नाणं आपटून पडलेल्या. झीज म्हणावी अशी कुठेच नाही. खाऱ्या पाण्याने सोन्याला काही होत नाही. नाण्यांवर चढला होता तो जहाजाच्या लोखंडाचा गंज आणि खनिजांचा थर, तो वर काढल्यानंतर काळजीपूर्वक उतरवला गेला. कडेच्या ताऱ्यांजवळ जो लालसर डाग दिसतोय, तो कदाचित त्याचाच उरलेला अंश असेल. मला असा डाग आवडतो. तो घालवायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये.

पण याच घबाडाची दुसरी बाजू जाहिरातीत कधी येत नाही. १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशी ९,७०,५०० नाणी पाडली गेली, तरी जहाज सापडण्याआधी उत्तम अवस्थेतलं नाणं क्वचितच दिसायचं. समुद्रातून पाच हजारांहून अधिक आली आणि ते वीस डॉलरच्या जुन्या नाण्यांमधलं उच्च ग्रेडमध्ये सहज मिळणारं साल झालं. २०१४ मध्ये समुद्रतळातून बुडालेला माल वर काढणाऱ्या ओडिसी मरीन कंपनीने त्याच जागी पुन्हा मोहीम काढली आणि आणखी सोनं वर आलं. तेव्हा व्यापारी ‘दुर्मीळ’ म्हणाला तर तो शब्द बाजूला ठेव. नाणं दुर्मीळ नाही, त्याची हकिगत मोलाची आहे. या दोन गोष्टींचे पैसे वेगवेगळे असतात. आणि एक गंमत लक्षात घे: चांगल्या ग्रेडमधली १८५७-एस आज दिसतात ती बहुतेक याच जहाजावरची. म्हणजे नाव नसलेलं ते स्वस्त नाणंही तिथलंच असण्याची बरीच शक्यता आहे, फक्त कुणीतरी ते पेटीतून काढलं आणि पुरावा गेला.

म्हणूनच मी पुराव्यावर इतका भर देतो. घबाडातलं नाणं आणि बाहेरचं नाणं यांच्यात धातूचा फरक नाही, छापाचा नाही, वजनाचा नाही. फरक आहे तो फक्त मालकीच्या साखळीचा, आणि ती एकदा तुटली की परत जोडता येत नाही. १९३४ मध्ये बाल्टिमोरच्या एका तळघरात दोन मुलांना साडेतीन हजारांवर सोन्याची नाणी सापडली. पुढच्या वर्षी लिलाव झाला आणि ती गावोगावच्या संग्रहांत विखुरली. तेव्हा सीलबंद पेट्या नव्हत्या. पीसीजीएस आणि तिच्यासारखीच दुसरी कंपनी एनजीसी आल्या त्या १९८० च्या दशकात. त्या तळघरातलं एखादं नाणं आज तुझ्या हातात आलं तरी ते तिथलं आहे हे ओळखायची सोय जवळजवळ नाहीच. त्यामुळे घबाडाचं नाव पेटीच्या आतल्या लेबलवर हवं, लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत सापडायला हवा, आणि त्या नोंदीतही तेच नाव हवं. फोटो असेल तर खाचा जुळवून बघ. सुटा कागदी दाखला, मखमली डबी, पितळी पट्टी यांना मी काडीची किंमत देत नाही. सुटा कागद कुठल्याही नाण्याशेजारी ठेवता येतो.

सगळ्या घबाडांना एकाच मापाने मोजू नकोस. सॅडल रिजचं उदाहरण घे. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातलं एक जोडपं आपल्याच जमिनीवर कुत्र्याला फिरवत असताना त्यांना जमिनीतून डोकावणारा गंजलेला डबा दिसला. एकूण आठ डबे निघाले, १,४२७ नाणी, १८४७ ते १८९४ या सालांची. दर्शनी किंमत २७,९८० डॉलर, आणि अंदाज एक कोटी डॉलरपर्यंत गेला. त्यातलं १८६६-एस, पाठीवर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे वाक्य नसलेलं, त्या प्रकारातल्या सर्वोत्तम नाण्यांपैकी ठरलं. ते नाणं सॅडल रिजचं नसतं तरी तितकंच झगडून विकत घेतलं गेलं असतं. तिथे पैसा नाण्याचा आहे आणि तो देण्यात चूक नाही. पण त्याच डब्यांतून निघालेल्या सर्वसाधारण सालांच्या नाण्याचं काय? ती कुणी पुरली हे आजही ठाऊक नाही. टाकसाळीतल्या चोरीची वदंता उठली होती, पण तसा काहीच दुवा नसल्याचं अमेरिकी टाकसाळीने सांगितलं. हकिगत सुंदर आहे, पण ती सापडण्याची हकिगत आहे, नाण्यांची नव्हे. मी तिच्यासाठी सेंट्रल अमेरिकेपेक्षा कमीच देईन.

आणि १९०८ च्या ‘वेल्स फार्गो’ नाण्यांसाठी तर नावाचे म्हणून काहीच नाही. जवळपास वीस हजार नाण्यांचा तो साठा, सगळी एकाच सालची. बँकेच्या तिजोरीत ठेवला होता म्हणून बँकेचं नाव पडलं. नाणी मात्र अप्रतिम आहेत, चकाकी अशी की डोळा ठरत नाही. त्यांचा ग्रेडच त्यांची किंमत सांगतो, तेवढी मोजावी आणि थांबावं.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. जहाजातून वर आलेल्या सोन्याच्या काही विटा वितळवून २००१ मध्ये केलॉग कंपनीच्या १८५५ च्या पन्नास डॉलरच्या नाण्याची स्मरणप्रत पाडली गेली. ती उघडपणे स्मरणप्रत म्हणूनच विकली गेली, त्यात फसवणूक नव्हती. पण दुय्यम बाजारात ‘सेंट्रल अमेरिकेचं सोनं’ एवढंच ठळक लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस ते १८५७ चं नाणं समजून बसतो. सोनं जहाजातलं असणं वेगळं, नाणं जहाजातलं असणं वेगळं.

वेळेबद्दलही सांगतो. घबाड जाहीर होतं तेव्हा वर्तमानपत्रं, दूरदर्शन, लिलावगृहाची पुस्तिका सगळं एकाच वेळी सुरू असतं आणि नावाचा दाम तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. २०२३ मध्ये केंटकीतल्या मक्याच्या शेतातून सातशेहून अधिक सोन्याची नाणी निघाली तेव्हाही गर्दी पहिल्याच लाटेत झाली. त्या लाटेत विकणारा एकच असतो आणि भावही त्याचाच चालतो. दोन-चार वर्षांनी पहिले हौशी गिऱ्हाईक नाणी परत बाजारात आणतात, तेव्हा नावाची खरी किंमत दिसते. तुझं जहाज त्या बाबतीत सोयीचं आहे. पहिली विक्री होऊन वीस वर्षांवर झाली, असंख्य नाणी पुन्हा पुन्हा लिलावांतून गेली, आणि झालेल्या सौद्यांचे भाव सगळ्यांना पाहता येतात. व्यापाऱ्याने लावलेली किंमत बघत बसू नकोस, प्रत्यक्ष झालेले सौदे बघ. त्याच ग्रेडची नावासह आणि नावाशिवाय, अशा दोन्हींचे अलीकडचे भाव शेजारी शेजारी लिही.

त्या यादीत जो फरक निघेल तोच तुझ्या नावाच्या दामाची कमाल मर्यादा. व्यापारी त्याहून जास्त मागत असेल तर नाणं सोड. तशी हजारो आहेत, महिन्याभरात दुसरं दिसेल. फरकाइतकं किंवा कमी मागत असेल, नोंदीत क्रमांक जुळत असेल, आणि त्या जहाजाची हकिगत तुला खरोखर ओढ लावत असेल, तर घे. आणि घेतलंस तर अधिक ग्रेड लागेल या आशेने ती पेटी कधीही फोडू नकोस.

आज-उद्या यादी करून पाठव, पेटीच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठव. लेबलच्या डाव्या कोपऱ्यावर उजेड पडल्यामुळे क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मला वाचता आलेले नाहीत.

तुझा,
एक जुना संग्राहक