आधी स्वाती बघ

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. आकाशगंगेतल्या ताऱ्यांची कुळं शोधायचं काम तुला करायचंय हे वाचून फार आनंद झाला. ताऱ्यांची अंतरं आणि चाल मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा डेटा उतरवून घेतलास, आता सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस.

गच्चीवरून कर. एप्रिल-मे महिन्यात रात्री नवाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेलीस की नारिंगी स्वाती सापडेल. लहानपणापासून ओळखीचा तारा, पण कूळ सूर्याचं नाही. सूर्यात जितकं लोखंड आहे त्याच्या साधारण एक तृतीयांशच त्याच्यात आहे, आणि आपल्या सापेक्ष तो सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर वेगाने जातोय. आकाशगंगेच्या जाड तबकडीतला (म्हणजे मुख्य पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेल्या जुन्या ताऱ्यांच्या थरातला) हा म्हातारा सध्या ३७ प्रकाशवर्षांवरून आपल्याजवळून चाललाय, इतकंच. रसायन आणि चाल, कुळाच्या खुणा या दोनच. त्या एका ताऱ्यात पाहून घे, मग गायाच्या यादीतल्या १८० कोटी ताऱ्यांकडे वळ.

१९४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी ताऱ्यांचे दोन गट मांडले. युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंद झाले होते, म्हणून माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यांना देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले. आज दोन गट पुरत नाहीत. २०१८ मध्ये गायाच्याच मोजमापांवरून कळलं की सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक छोटी दीर्घिका गिळली होती. तिचे तारे अजून वेगळ्या चालीने फिरताहेत. असं काही हाती लागावं असं तुलाही वाटत असणार. वाटू दे.

पण डेटा साफ करताना हात आवर. मी शिकत असताना एका तारकागुच्छाचं अंतर काढत होते. काही ताऱ्यांचं पॅरलॅक्स, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकल्यासारखा दिसतो तो कोन, उणे आलं होतं. उणे अंतर असूच शकत नाही म्हणून मी त्या ओळी सरळ उडवल्या. खरं तर दूरच्या ताऱ्याचं पॅरलॅक्स शून्याजवळ असतं, मोजणीतली त्रुटी त्याहून मोठी असली की आकडा कधी उणे येतो, कधी वाजवीपेक्षा अधिक. उणे मी फेकले, फुगलेले ठेवले. सरासरी वाढली आणि माझा गुच्छ होता त्यापेक्षा जवळ आला. चूक सापडायला तीन आठवडे गेले. अंतर म्हणजे एक भागिले पॅरलॅक्स हे सूत्र म्हणूनच त्रुटी अगदी लहान असेल तिथेच वापर.

आणखी एक. त्या १८० कोटींपैकी त्रिज्य वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग) जेमतेम ३.४ कोटी ताऱ्यांचा आहे, तोही तेजस्वी ताऱ्यांचा. दूर गेलीस तर तुझ्या यादीत राक्षसी तारेच, म्हणजे फुगलेले, फार तेजस्वी तारेच उरतील; ते तिथे जास्त आहेत असं समजू नकोस.

पुढच्या पत्रात आलेख नको. गाळलेल्या ताऱ्यांची यादी पाठव, प्रत्येकापुढे कारण लिहून.

तुझी,
ताई