बॅटरी: तोफखान्यातून टॉर्चमध्ये

प्रश्न असा आलाय: 'आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात त्याला सेल. मुलाच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात, हे चूक. एकाहून जास्त सेल जोडले तरच ती बॅटरी. खरं काय? आणि हा शब्द बत्तीवरून आलाय का?'

शेवटचं आधी घेतो, कारण ते ऐकून कान किटलेत. नाही आला! बत्तीचं मूळ संस्कृत 'वर्ति'. आपली निरांजनातली वात तिची सख्खी बहीण. बॅटरी या घराण्यातली नव्हे. जरा सारखं ऐकू आलं की सोयरीक जुळवायची, ही खोड कधी जाणार कोण जाणे.

बॅटरी आली तोफखान्यातून. फ्रेंचमध्ये 'बात्र' म्हणजे बडवणं, त्यावरून तट बडवणाऱ्या तोफांची रांग ती बॅटरी. वायनाडमधलं सुलतान बत्तेरी हे गावाचं नाव टिपूच्या अशाच बॅटरीवरून पडलं. विजेकडे हा शब्द वळवला अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन या शास्त्रज्ञ-पुढाऱ्याने, १७४९च्या एका पत्रात. त्याची 'बॅटरी' म्हणजे खिडकीच्या काचेची अकरा तावदानं, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना शिशाचे पातळ पत्रे चिकटवलेले, रेशमी दोऱ्यांवर ओळीने उभी केलेली. गंमत म्हणजे हिच्यात सेल एकही नाही! दोन बाजूंना धातू आणि मधे काच, म्हणजे हा झाला वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर, आपल्या पंख्यात असतो त्याचा पूर्वज. सेलांची रास इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने जाहीर केली ती १८०० साली.

आता कोशकारांशी माझं भांडण. ते म्हणतात, तोफेचा बार उडतो तशी साठलेली वीज एकदम सुटते, म्हणून हे नाव असावं. असावं काय! त्या माणसाचं चरित्र तरी चाळा. १७४७-४८मध्ये फ्रेंच-स्पॅनिश जहाजांच्या भीतीने फ्रँकलिनने फिलाडेल्फियात स्वयंसेवकांची फौज उभी केली, लॉटरी काढून नदीकाठी तोफांची बॅटरी बांधली, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरकडून तोफा उसन्या आणल्या आणि तिथे साध्या शिपायासारखा पहाराही दिला. लगोलग पुढच्या वर्षी काचांची रांग बघून याच्या तोंडी 'बॅटरी' आलं, तर त्यात नवल ते काय? 'चार्ज'सुद्धा तोफेचाच शब्द, दारू ठासून भरण्याचा. रात्री मोबाइल चार्जिंगला लावता तेव्हा तुम्ही तोफ ठासत असता.

हां, तुमच्या बाई. परीक्षेच्या पेपरात त्यांचंच बरोबर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी उघडली तर आत दीड-दीड व्होल्टचे सहा सेल निघतात. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा. पण मोबाइलमध्ये बहुतेक वेळा लिथियमचा एकच सेल असतो, आणि 'माझ्या मोबाइलचा सेल उतरला' असं बाईसुद्धा म्हणत नसणार. टॉर्चला तिच्या पोटातल्या ऐवजाचं नाव पडलं, यात चूक कसली? खुशाल बॅटरी म्हणा. पाठ्यपुस्तकातली 'विजेरी' मला आवडते, पण दुकानात ती मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो.