देवाने तारणासाठी माणसं आधीच निवडली असतील, तर विश्वास ठेवणं आपल्या हातात उरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती लोक एकीकडे सांगतात, येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं तारण होईल. दुसरीकडे बायबलातच आहे की देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी आपली माणसं निवडली. मग विश्वास ठेवा म्हणून सांगण्यात अर्थ काय? आणि हे आपल्या प्रारब्धासारखंच झालं ना?

प्रारब्धाचं आधी बघू, कारण ते लवकर संपतं. प्रारब्ध हे शेवटी आपल्याच कर्माचं फळ, या जन्मीच्या नाही तर मागच्या. इथे नेमकं उलटं आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल याकोब आणि एसाव या जुळ्यांचा दाखला देतो. दोघे अजून जन्मलेलेही नव्हते, बरं-वाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच देवाने धाकट्याची निवड केली. कर्माचा हिशेब इथे मुद्दाम बाजूला ठेवलेला आहे. तुम्हाला यात अन्याय दिसतो. पौलालाही ठाऊक आहे की वाचणाऱ्याला तो दिसणार, म्हणून तो स्वतःच विचारतो, देवाच्या ठायी अन्याय आहे काय? आणि कधीच नाही, असं उत्तर देऊन मोकळा होतो.

आता मूळ भांडण. बहुतेकांना वाटतं की एक पक्ष माणसाला बाहुली मानतो आणि दुसरा स्वतंत्र. असं नाही. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो, हे म्हणणं पेलागियस या धर्मोपदेशकाच्या नावावर चढलं आणि ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने ते फेटाळलं. त्याचा मोठा विरोधक बिशप ऑगस्टीन. पुढे ५२९मध्ये ऑरेंजच्या परिषदेने सांगितलं की विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते. पण त्याच दमात, देवाने कोणाला पापासाठी नेमलंय असं मानणाऱ्यांचाही धिक्कार केला. पाश्चात्त्य चर्चमधला पुढचा बहुतेक वाद या दोन कुंपणांच्या मध्येच झाला. निवडीच्या बाजूचा सर्वांत नावाजलेला माणूस, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, तोसुद्धा म्हणत नाही की देव माणसाचा हात पिरगाळतो. माणूस पाप करतो ते आपल्या मर्जीनेच करतो, पण ती मर्जीच मुळात बिघडलेली आहे, असं त्याचं म्हणणं. शिवाय आपल्या मोठ्या ग्रंथाच्या १५५९च्या आवृत्तीत त्याने निवडीचा हा विषय सुरुवातीला नाही, तर तिसऱ्या भागात, विश्वास आणि प्रार्थना यांच्यानंतर घेतलाय, आणि काहींना तारायचं, काहींना नाही, या देवाच्या ठरावाला स्वतःच भयंकर म्हटलंय. त्याच्या अनुयायांना एवढा संकोच नव्हता.

खरी ठिणगी पडली हॉलंडमध्ये. याकोबस आर्मिनियस हा जिनिव्हात कॅल्विनच्या वारसाच्या, बेझाच्या हाताखाली शिकलेला, १६०३पासून लायडनला प्राध्यापक. त्याला गुरूचं म्हणणं पटेना. १६०९मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मताच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन सादर केलं. ते वाचताना मला सर्वांत नवल वाटलं ते तिसऱ्या कलमाचं. तारणारा विश्वास माणसाजवळ स्वतःचा नसतो, पवित्र आत्म्याने त्याला नवा जन्म द्यावा लागतो, असं ते सांगतं. म्हणजे ज्यांना आपण स्वतंत्र इच्छेचे कैवारी म्हणतो, तेच माणूस आपण होऊन काही करू शकत नाही हे लिहून देतात. मग भांडण उरलं कशाचं? पहिल्या आणि चौथ्या कलमाचं. पहिलं म्हणतं, जे विश्वास ठेवतील त्यांना तारायचं असं देवाने ठरवलं. चौथं म्हणतं, ही कृपा माणूस नाकारू शकतो. सगळा वाद त्या 'नाकारू शकतो'वर येऊन टेकतो.

१३ नोव्हेंबर १६१८ला डॉर्ट (डॉर्ड्रेख्त) गावी सिनड, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींची परिषद, भरली. इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंडमधूनही प्रतिनिधी आले होते. आर्मिनियसच्या बाजूच्यांना सभासद म्हणून नाही, आरोपी म्हणून बोलावलेलं. कामकाजाच्या पद्धतीवरून आठवडेच्या आठवडे खटके उडाले आणि जानेवारीत अध्यक्ष बोगरमनने त्यांचा पुढारी सायमन एपिस्कोपियस आणि त्याच्या सोबत्यांना चिडून सभेबाहेर घालवलं. निकाल काय लागणार हे तेव्हाच उघड होतं. कॅल्विनवादाचे म्हणून जे पाच मुद्दे आज इंटरनेटवर फिरतात, ते मुळात या पाच कलमांना डॉर्टने दिलेलं उत्तर आहे: देव निवडतो ते माणसाचा विश्वास आधी बघून नाही, आणि निवडलेल्यांच्या बाबतीत त्याची कृपा निष्फळ ठरत नाही. त्यात राजकारणही पुरेपूर होतं. या पाळकांना पाठीशी घालणारा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट याचं १३ मे १६१९ला हेगमध्ये डोकं उडवलं. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटीत घालून किल्ल्याबाहेर काढलं. देवाची निवड कशी होते यावर माणसं एकमेकांचा गळा कापत होती, हे विसरून या वादाकडे बघता येत नाही.

कॅथलिकांनी जास्त शहाणपणा दाखवला असं माझं मत. त्यांच्यातही जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांचं याच विषयावर वर्षानुवर्षं पेटलं होतं. १६०७मध्ये पोप पाचव्या पॉलने निकालच दिला नाही. दोघांनी आपापलं मत ठेवावं, पण समोरच्याला पाखंडी म्हणू नये, एवढंच बजावलं.

इंग्लंडमध्ये हेच भांडण जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या दोन धर्मोपदेशक मित्रांत झालं; वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा, व्हाइटफील्ड कॅल्विनच्या. पण मला आवडतो तो १७८४चा एक संवाद, जो चार्ल्स सिमियनने पुढे लिहून ठेवला. सिमियन पंचविशीतला पाळक, कॅल्विनच्या बाजूचा. वेस्ली ऐंशी ओलांडलेला. सिमियन म्हणाला, तुम्हाला लोक आर्मिनियन म्हणतात, मला कॅल्विनवादी, तेव्हा आता आपण खंजीर उपसायला हवेत. पण त्याआधी थोडं विचारू का? देवानेच आधी मनात घातलं नसतं तर तुम्ही त्याच्याकडे वळलाच नसता, असं तुम्हाला वाटतं का? वेस्ली म्हणाला, हो, अगदी. आपल्या कुठल्याही कृत्याने नाही, केवळ ख्रिस्तामुळेच तारण? केवळ ख्रिस्तामुळे. मग पुढे टिकून राहणं तरी तुमच्या बळावर? नाही, तेही त्याच्याच. तर मग मी खंजीर परत म्यान करतो, म्हणाला सिमियन, माझा कॅल्विनवाद एवढाच आहे.

प्रसंग गोड आहे, आणि लोक तो सांगून विषय मिटवतात. पण सिमियनने एक प्रश्न शिताफीने गाळला: ही कृपा माणूस नाकारू शकतो का? तो विचारला असता तर खंजीर बाहेरच राहिले असते.

मग प्रचार कशाला, हा तुमचा प्रश्न. तर्काने बघितलं तर निवडीवर ठाम विश्वास असणाऱ्यांनी घरी बसायला हवं होतं. झालं उलटंच. विल्यम केरी हा कॅल्विनपंथी बाप्टिस्ट. तो १७९३मध्ये बंगालला आला आणि १८०५मध्ये श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापून मोकळा झाला. १८१३मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, तेही त्याच परंपरेतले. हॉल १८२६मध्ये नाशिक भागातल्या प्रवासात पटकीने गेला. त्यांचं म्हणणं असं की देव शेवट ठरवतो तसा मार्गही ठरवतो, आणि उपदेश हा तो मार्ग. निवडलेले कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांना सांगायचं. उत्तर सुसंगत आहे, हे मानायला हवं.

माझा कल आर्मिनियसकडे आहे. येशू यरुशलेमेला म्हणतो की कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना जवळ घ्यायची माझी किती इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. हे वाक्य डॉर्टच्या चौकटीत बसवायला फार ओढाताण करावी लागते. पण आर्मिनियसनेही प्रश्न सुटत नाही. कोण विश्वास ठेवणार नाही हे देवाला आधीच दिसत होतं, तरी त्याने त्या माणसाला निर्माण केलंच ना? अडचण एक पायरी मागे सरकते, जात नाही.

आणि हा प्रश्न पुस्तकात असतो तेवढा थंड प्रत्यक्षात नसतो. आमच्या मंडळीत बायबल अभ्यासाला एक मावशी विचारतात, “माझा थोरला चर्चचं नावही काढू देत नाही. तो निवडलेल्यांतला नाही का?” त्यांना सिनडचे ठराव सांगून काय उपयोग! मी एवढंच म्हणतो, की मावशी, कोण निवडलेला नाही याची यादी बायबलात कुठेच दिलेली नाही, आणि अशी यादी करायला पौलानेही कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही प्रार्थना सोडू नका. कट्टर कॅल्विनवादी पाळकही त्यांना हेच सांगेल.

तुम्ही बायबल उघडणारच असाल तर रोमकरांस पत्राचा नववा अध्याय सुटा वाचू नका. नऊ, दहा, अकरा सलग वाचा. नवव्यात कुंभार आणि माती आहे. दहाव्यात जो कोणी प्रभूच्या नावाचा धावा करील त्याचं तारण होईल, असं आहे. आणि अकराव्याच्या शेवटाकडे पौल म्हणतो की देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवलं, ते सर्वांवर दया करावी म्हणून. त्या दुसऱ्या 'सर्वां'त नेमकं कोण येतं, यावरही दोन्ही पक्ष भांडतात.