जाळीच्या पत्र्याविषयी, तुझ्या दवाखान्याच्या निमित्ताने

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी ड्रॉइंग्ज मिळाली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याचं काम इतक्या लवकर तुझ्या हाती आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. नकाशे नीट बघितले. पश्चिमेची अख्खी बाजू तू जाळीच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या, पत्र्याने झाकली आहेस आणि तीच नक्षी वळवून उत्तरेला आणि दक्षिणेलाही नेली आहेस. इमारत देखणी दिसते यात शंका नाही. पण मला त्या पत्र्यामागची माणसं दिसली. पश्चिमेला बाळंतिणींचा वॉर्ड, उत्तरेला केसपेपरची रांग, दक्षिणेला जिना आणि संडास-बाथरूम. या तिघांना एकच भोक कसं चालेल?

संदर्भ म्हणून तू सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियमचा फोटो लावला आहेस. २००५ साली उघडलेल्या त्या इमारतीचा भोकं पाडलेला, उठावाचा तांब्याचा पत्रा मलाही फार आवडतो. पण तिथे आत चित्रं आहेत आणि बऱ्याच चित्रांना उजेड कमीच हवा असतो. तुझ्याकडे आत सलाईन लावणारी नर्स आहे, तिला शीर दिसली पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ दाटलेलं असतं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. एप्रिलच्या उन्हासाठी बेतलेला पत्रा जुलैत वॉर्ड काळोखा करतो. तोच दवाखाना अथणीला बांधायचा असता तर मी वेगळं बोललो असतो. तिथे पाऊस थोडा, ऊन आणि धूळ फार. जिल्हा एकच, पण खानापूरची भिंत आणि अथणीची भिंत एक नव्हे.

आता आकड्यांकडे ये. गोल भोकं तिरप्या मांडणीत, म्हणजे साठ अंशांत, असतील तर ओपन एरिया, म्हणजे पत्र्याचा किती टक्के भाग मोकळा आहे ते, काढायचं सूत्र सोपं आहे: भोकाचा व्यास भागिले पिच (शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर), त्याचा वर्ग, गुणिले ९०.६९. तुझं भोक ५ मिमी आणि पिच ८ मिमी, म्हणजे सुमारे ३५ टक्के. हाच हिशोब सरळ चौकटीच्या मांडणीत ३१ टक्क्यांच्या आत येतो. तू नुसतं ‘५ मिमी भोक’ लिहिलं आहेस, त्यावरून कुणालाच काही कळणार नाही.

हे ३५ टक्के ऊन कसं अडवतात तेही बघ. पत्रा २ मिमी जाड आणि भोक ५ मिमी असेल, तर समोरून सुमारे ६८ अंशांपेक्षा उंच असलेल्या सूर्याचा थेट किरण त्या भोकातून आत येतच नाही. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तोही जवळपास डोक्यावर. म्हणजे उत्तरेला दुपारच्या उन्हासाठी या पत्र्याची गरजच नाही, वरचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र संध्याकाळी खाली उतरून समोरून येतं आणि भोकांतून सरळ खाटेवर पडतं. तिथे निव्वळ पत्र्यावर विसंबू नकोस. खिडकीसमोर उभ्या पट्ट्या दे किंवा व्हरांडा रुंद कर, आणि पत्रा त्याच्या बाहेरच्या कडेला लाव. व्हरांडा हा आपल्याकडचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. जाळीचा पत्रा त्याच्या मदतीला येऊ दे.

बाळंतिणींच्या वॉर्डाबद्दल तू टिपणात ‘खासगीपणासाठी जाळी’ असं लिहिलं आहेस. दिवसा ते खरं आहे. बाहेर उजेड, आत सावली, त्यामुळे बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री दिवे लागले की सगळं उलटं होतं आणि रस्त्यावरून खाटा दिसतात. रात्री दोन वाजता बाळाला पाजणारी बाई परक्यांच्या नजरेत येता कामा नये. खाटेच्या उंचीपर्यंत भरीव भिंत ठेव, वर पत्रा घे, आणि आतून पडद्याची दांडी ड्रॉइंगमध्येच दाखव, नाहीतर ती कधीच बसत नाही. आणखी एक, पत्र्याची आतली बाजू गडद रंगाची ठेव. आतून बाहेरची झाडं स्वच्छ दिसतात, डोळ्यांवर चकाकी येत नाही. पडून राहिलेल्या माणसाला झाडं दिसणं ही चैन नव्हे गं.

पाऊस. बारीक भोकांत, २-३ मिमीच्या, पाण्याचा पडदा धरून राहतो, मग हवाही अडते आणि शेवाळही येतं. त्या अर्थाने तुझं ५ मिमी ठीक आहे. त्याहून मोठं नको, कारण ८ ते २५ मिमीच्या भोकात मुलांची बोटं अडकू शकतात, आणि रांगेत उभ्या आईच्या कडेवरचं मूल पहिलं बोट तिथेच घालणार. मात्र ५ मिमीतून डास आरामात येतो. डासांची जाळी वेगळी, खिडकीलाच, आणि ती काढून धुता आली पाहिजे. पत्रा आणि भिंत यांच्यामधली जागा तू २०० मिमी ठेवली आहेस. तिथे झाडू घेऊन माणूस शिरणार कसा? निदान ६०० मिमी दे, वरखालची तोंडं जाळीने बंद कर, नाहीतर एका वर्षात तिथे पारवे वस्ती करतील. दवाखान्यात ते चालणार नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या खिडक्यांसमोरचे भाग उघडणारे हवेत, हे वेगळं सांगायला नको.

धातू अॅल्युमिनियमच घे. २ मिमीचा पत्रा भोकं पाडल्यावर चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो, दोन माणसं आरामात उचलतात. पण तो उन्हाने वाढतो. ३ मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकात जवळपास ३ मिमी लांबतो, म्हणून एका टोकाला बोल्टची भोकं लांबट ठेव. लोखंडी सांगाड्याला तो थेट टेकवू नकोस. ओल धरली की दोन धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम खात जातं. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर हवाच. पावडर कोटिंग भोकं पाडून झाल्यावर, आधी नव्हे. आणि पत्र्याला भोकं आहेत म्हणजे वारा निघून जातो, असं समजून सांगाडा हलका करू नकोस.

काढायला बसण्याआधी एकदा बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, जा. पंचिंग मशीनवर काम करणाऱ्यांशी बोल. भोकं पाडताना पत्रा ताणला जातो, त्याला बाक येतो, मग रोलरमधून सरळ करावा लागतो. हे सगळं ते तुला हातात पत्रा देऊन दाखवतील. गोल भोकाचा पंच त्यांच्याकडे तयार असतो, तू काढलेल्या पानाच्या आकारासाठी नवा लागेल आणि दर वाढेल. आठ बाय चारच्या पत्र्यात तुझे तुकडे कसे बसतात तेही बघ. आत्ता जवळपास एक तृतीयांश वाया जातोय.

दर्शनी बाजूला दवाखान्याचं नाव पत्र्यातच कापायची कल्पना मला फार आवडली. विजयपूरच्या (विजापूरच्या) इब्राहिम रोझ्याच्या, म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या इमारतीच्या, खिडक्यांत दगडात अक्षरं अशीच आरपार कोरली आहेत, उजेड अक्षरांतून आत येतो. एकदा जाऊन बघच. पण सलग कापलंस तर ठ, व, ब यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि कन्नडच्या वळणदार अक्षरांचं तेच होतं. लहान-मोठ्या भोकांच्या ठिपक्यांनी अक्षर घडव, दोन्ही लिप्या सारख्याच निगुतीने. आपल्या भागात लोक पाटी फार बारकाईने वाचतात, कुठल्याही भाषेतलं अक्षर ओबडधोबड निघता कामा नये.

टेंडरमध्ये धातूचा ग्रेड, जाडी, भोक, पिच, मांडणी, कडेची बिनभोकांची कोरी पट्टी, कोटिंगची जाडी, सगळं लिही. आपल्याच भागातल्या एका सरकारी इमारतीच्या कागदात फक्त ‘जाळीचा पत्रा’ असं होतं. कंत्राटदाराने पातळ लोखंडी पत्रा आणून रंग मारला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर गंजाचे ओघळ उतरले. कागदाप्रमाणे त्याची काहीच चूक नव्हती.

बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये, म्हणजे कामाच्या आणि मालाच्या मोजमापांच्या यादीत, एका पूर्ण मापाच्या नमुना तुकड्याची रक्कम धर. तो पश्चिमेला टांगून वॉर्डातल्या नर्सबाईंना दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा दाखव. त्या जे बोलतील ते लिहून घे. मग तिन्ही भिंतींचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, वेगवेगळे काढ, १:२० मध्ये, खाट आणि माणूस दाखवून, आणि मला पाठव. एलेव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं चित्र, आत्ता नको.

तुझा,
काका