आधी बॉल शोध, मग हात उचल

अरे, सॉफ्टबॉलची पंचगिरी करताना निर्णय चुकला म्हणून खचू नकोस, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. 14 वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात मी होम प्लेटवर (जिथे पोचलं की रन मिळतो) टॅग, म्हणजे बॉल धरलेल्या ग्लोव्हने धावणाऱ्या मुलीला केलेला स्पर्श, बघून झटकन आउट दिला. धुरळा बसला, तर बॉल कॅचरच्या (बॅटरमागे बॉल पकडणारीच्या) ग्लोव्हबाहेर, मातीत! तेव्हापासून आधी बॉल शोधतो, मग हात उचलतो. अर्धा सेकंद जातो, जाऊ दे.

कोच तावातावाने आला तर एवढंच बघ: तो तुझ्या नजरेवर भांडतोय की नियमावर? सेफ-आउट, बॉल-स्ट्राइक हे नजरेचे निर्णय, यावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) चालत नाही. शांतपणे ऐकून घे, खेळ सुरू कर. पण नियमच चुकला असेल, तर पुढचा पिच (बॉलफेक) पडायच्या आत सुधार. समज, पहिल्या बेसवर रनर, एकच आउट, तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल कॅचरकडून सुटला आणि तू बॅटरला पहिल्या बेसवर राहू दिलंस. पहिल्या बेसवर आधीच रनर आणि एकच आउट, म्हणून ती बॅटर आउटच! जोडीदार पंचाला बाजूला घेऊन विचारायला लाजू नकोस.

आणि एका चुकीची भरपाई म्हणून पुढचा निर्णय त्या संघाला बहाल करू नकोस. पालकांना ते लगेच कळतं, बरं का!