रविवारी न दुखणारे पोट

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी तिचे पोट दुखते, मळमळते. शाळेची रिक्षा दारावरून निघून गेली की तासाभरात ती बरी होते. रविवारी काहीच त्रास नसतो. सोनोग्राफी व रक्ततपासणीत दोष आढळला नाही. सासूबाईंनी दृष्ट काढून पाहिली; आता त्या ‘नाटके करते’ म्हणतात. यजमानांना शाळा बदलावीशी वाटते. ‘उद्या मला वर्गात वाचायला उभे करतील का?’ हे ती दिवसातून अनेकदा विचारते. काय करावे? औषधांची सवय लागेल का? – एक आई, कराड

उत्तर : ही नाटके नव्हेत. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके स्रवतात, आतड्यांचे नेहमीचे कामकाज बिघडते आणि पोटात खरोखरच कळ येते. सोनोग्राफीत ती दिसत नाही, एवढेच.

पत्रावरून निदान करता येत नाही. तरीही वाचनाबद्दलच्या तिच्या प्रश्नावरून चारचौघांत फजिती होण्याची धास्ती, म्हणजे सामाजिक चिंताविकार, असू शकेल असे वाटते. हे निदान करण्यासाठी त्रास साधारणतः सहा महिने टिकलेला असावा लागतो, मात्र मदत घेण्यासाठी तेवढे थांबायचे कारण नाही. त्याआधी दोन गोष्टींची शहानिशा करावी. वर्गात कोणी तिला चिडवते का, एखादे शिक्षक सर्वांसमोर अपमान करतात का, हे तिला एकटीला, घाई न करता विचारावे. तसे असेल तर बंदोबस्त त्या वागण्याचा करायला हवा, मुलीचा नव्हे. दुसरे म्हणजे, तिला मुळात वाचताच अडखळायला होते का? अध्ययन अक्षमता असलेली हुशार मुले पाठांतराच्या बळावर बरीच वर्षे निभावून नेतात आणि मग प्रकट वाचनाच्या तासाला त्यांचा धीर सुटतो.

आता रिक्षाविषयी. ती निघून जाते, मुलीला हायसे वाटते आणि टाळले म्हणूनच वाचलो, अशी तिच्या मनाची खात्री पटते. दुसऱ्या दिवशी भीती थोडी वाढलेलीच असते. शाळा बदलण्याच्या विचारात मला हाच धोका दिसतो, कारण छळ होत नसेल तर तीच भीती नव्या शाळेतही सोबत जाईल. म्हणून वर्गशिक्षिकांना विश्वासात घेऊन पायऱ्या ठरवाव्यात : आधी फक्त पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वाचनाचेही तसेच, म्हणजे प्रथम घरी आजीसमोर, मग एका मैत्रिणीसमोर, मग बाईंसमोर एकटीने, आणि शेवटी वर्गात दोनच ओळी. प्रत्येक पायरीवर भीती वाटेल. ती ऐन भरात असताना माघार न घेता ओसरू लागेपर्यंत तिथे थांबणे, ही यातली खरी किल्ली आहे. आजींना या कामात घेतल्यास ‘नाटके’ हा शब्दही आपोआप मागे पडेल, असा माझा अनुभव आहे.

‘उभे करतील का?’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी ‘नाही गं’ म्हणून दिलासा देऊ नये. एकदाच उत्तर द्यावे आणि पुढे ‘केलेच, तर तू काय करशील?’ असे विचारून तिला विचार करू द्यावा. ज्या दिवशी ती घरी राहील, त्या दिवशी शाळेच्या वेळात टीव्ही व मोबाईल बंद असावेत. ही शिक्षा नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

यावरच्या बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार व वागणे हळूहळू बदलण्याच्या मानसोपचाराचा, गाभा हाच आहे. अमेरिकेत चिंताविकार असलेल्या 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर या उपचाराने सुमारे 60 टक्के, सर्ट्रालिन या औषधाने 55 टक्के, तर दोन्ही मिळून 81 टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने सुधारलेली मुले 24 टक्के होती. म्हणून सुरुवात उपचारसत्रांनी करावी आणि त्रास तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध जोडावे. सर्ट्रालिनचे व्यसन लागत नाही. मात्र ते मनाने अचानक बंद करू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व शांततेच्या गोळ्यांची. त्या कोणाच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

जवळपास तज्ज्ञ नसल्यास केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही.